बासष्ट काळ्या डब्या

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात स्टिकरांचं एक भेंडोळं असतं. प्रत्येक स्टिकरवर छापलेलं असतं: ‘दोष आढळला नाही.’ आमच्या दुकानात घरगुती वापराची उपकरणं विकली जातात, आणि त्यांतली जी परत येतात ती माझ्या खिडकीवर येतात. एकोणीस वर्षं मी या खिडकीमागे बसते आहे. परत आलेल्या दहा वस्तूंपैकी सात धडधाकट असतात, हे मी कुठे वाचून सांगत नाही, रोज स्टिकर चिकटवून सांगते.

मिक्सर सुरू होत नाही म्हणून आणतात, त्याचं झाकण नीट बसवलेलं नसतं. टॉर्च लागत नाही, तर बॅटरीजवळची प्लास्टिकची पट्टी कुणी ओढून काढलेलीच नसते. घरभर फिरून झाडू मारणारं ते गोल यंत्र एका माणसाने परत आणलं होतं. म्हणे भित्रं निघालं, बैठकीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. त्याने काळी सतरंजी अंथरली होती आणि यंत्राला तो खड्डा वाटत होता. एक बाई वजनकाटा घेऊन आल्या, तो जास्त दाखवतो म्हणून. मी तीन वजनं ठेवून तपासला. दोष आढळला नाही हे एखाद्याला सांगणं इतकं जड मला कधी गेलं नव्हतं.

माझ्या आधी या खिडकीवर ज्या बाई होत्या त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. वस्तूला हात लावायच्या आधी माणसाला विचारायचं, बिघडण्याच्या आधी घरात नवीन काय आलं? नवीन सतरंजी येते, नवा विजेचा बोर्ड येतो, नवी सून येते. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. हा प्रश्न मी दिवसातून वीस वेळा विचारते. घरी मात्र तो एकदाही विचारला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरली. ती आता माझ्याच दारात येऊन बसली आहे.

बाबा शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं त्यांचं छोटंसं दुकान होतं. मशीन आलं की ते आधी हत्यार उचलत नसत. चाक हाताने दोनदा फिरवायचे, डोकं खाली घालून कान मशीनला टेकवायचे आणि सांगायचे, बेल्ट ढिला आहे, किंवा सुई वाकडी बसली आहे. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. आई गेली, पुढे त्यांनी दुकान बंद केलं, आणि मीही तोवर संसाराचा एक प्रयोग आटोपून माहेरी परतले होते. त्याची कथा वेगळी आहे आणि ती सांगण्यासारखी नाही. घरात मी आणि बाबा असे दोघंच उरलो. धाकटा भाऊ लांब नोकरीला आहे. घरात मला सगळे ताई म्हणतात, बाबासुद्धा.

दुकान गेल्यावर बाबांनी घरामागच्या जमिनीच्या पट्ट्यात बाग केली. पट्टा म्हणजे लांबी अठरा पावलं, रुंदी चार पावलं, शिवाय पायऱ्यांवर फुटक्या बादल्या आणि कान तुटलेल्या कढया. मुळा, वाटाणा, भेंडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, चार-दोन फुलं. सगळं बी घरचं, विकतचं एकही नाही. आणि हे बी ठेवलेलं असायचं फोटोच्या रोलच्या काळ्या डब्यांत. शेजारच्या फोटोग्राफरने रोलचे दिवस संपल्यावर पिशवीभर डब्या बाबांना दिल्या होत्या. अंगठ्याएवढी काळी डबी, वर राखाडी झाकण, आतलं काही दिसत नाही. अशा बासष्ट डब्या एका मोठ्या बिस्किटांच्या डब्यात उभ्या रचलेल्या असत आणि त्यांतल्या एकीवरही नाव लिहिलेलं नव्हतं.

नावाची गरजच नव्हती. बाबा डबी कानाशी नेऊन दोनदा हलवायचे आणि सांगायचे, मुळा. झाकण काढायचे आणि आत न डोकावता सरळ मातीत ओतायचे. प्रत्येक डबी ते तिसरा हिस्साच भरत, म्हणजे बियांना आत फिरायला जागा राहते आणि आवाज मोकळा येतो, असं त्यांचं म्हणणं. धाकटा घरी आला की आम्ही भावंडं पैज लावून डब्या उलट्यासुलट्या करायचो, तरी ते हरत नसत. फक्त वांगं आणि टोमॅटो यांत कधीतरी गोंधळ व्हायचा. तेव्हा म्हणायचे, वांगं जरा लाजरं आहे, लगेच बोलत नाही. मी एकदा म्हटलं होतं, चिठ्ठ्या का चिकटवत नाही? त्यावर म्हणाले, घरच्या माणसाच्या छातीवर कुणी पाटी लावतं का?

त्यांचा एक कायदा होता. डब्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि ओळखल्याशिवाय डबी उघडायची नाही, कारण आत एकदा ओल गेली की बी कामातून जातं. बागेच्या पहिल्याच वर्षी मी हौसेने एक डबी उघडली होती तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा लांबला आणि घरात सगळीकडे ओल आली. चपलांवर बुरशी, कपाटाला कुबट वास. त्या वर्षी भोपळ्याचं बी उगवलंच नाही आणि वाटाण्याचं निम्मं सडलं. बाबा रोज सकाळी त्या रिकाम्या आळ्यापाशी उभे राहायचे. चहा गार होईपर्यंत तिथेच असायचे. मला ते बघवेना.

दुकानातल्या माझ्या टेबलाच्या डाव्या खणात तेव्हा पांढऱ्या पुड्यांचा ढीग पडलेला होता. कुठलीही नवी वस्तू घ्या, खोक्यात ती छोटी पुडी असतेच, ओल शोषून घेणारी. त्यावर ‘खाऊ नका’ असं नऊ भाषांत लिहिलेलं असतं. वस्तू कशी चालवायची हे माहितीपत्रकाच्या चाळीस पानांत कुणाला कळत नाही, पण जे खायचं कुणाच्या मनातही आलेलं नसतं ते खाऊ नका हे मात्र लख्ख कळतं. लोक वस्तू परत करतात, पुड्या खोक्यातच राहतात आणि मला टाकवत नाहीत. एका शनिवारी मी मूठ-मूठ करून त्या पर्समध्ये भरून आणल्या. रविवारी बाबा केस कापायला गेले तेवढ्या वेळात बासष्टच्या बासष्ट डब्या उघडल्या, प्रत्येकीत एक पुडी दुमडून घातली आणि डब्या होत्या तशा रचून ठेवल्या.

सांगितलं नाही. आधी बी दणक्यात उगवून येऊ दे, मग सांगेन, असं ठरवलं. कौतुकाची हौस, दुसरं काय. पंचेचाळिशी उलटली तरी बापाने शाबास म्हणावं असं वाटतं, त्याला मी काय करू.

पेरणीच्या दिवशी बाबा मागच्या पायरीवर बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसले. धाकट्याने फोन केला होता आणि त्याला बाग दाखवायची म्हणून मी फोन एका कुंडीला टेकवून ठेवला होता. ती कुंडीही त्यानेच पाठवलेली. तिच्या पोटावर छोटा पडदा होता. माती ओली असली की त्यावर हसरा चेहरा दिसे, सुकली की रडका. ती चालू करण्यासाठी फोनवर जन्मतारीख द्यावी लागली होती. रोपाला पाणी घालायला माझं वय कशाला हवं, हे बाबांनी विचारलं होतं आणि धाकट्याला सांगता आलं नव्हतं.

बाबांनी पहिली डबी हलवली. पुन्हा हलवली. दुसऱ्या कानाशी नेली. ती खाली ठेवून दुसरी उचलली, मग तिसरी. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. रोजच्या रस्त्यावर कुणी अचानक भिंत घातली तर माणूस जसा थांबेल, तसे ते थांबले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, यात काही घातलंयस का?”

मी म्हटलं, “नाही.”

इतकंच. का म्हटलं, याची कारणं मी नंतर पुष्कळ गोळा केली. कायदा मोडला होता आणि ते दोन दिवसांचं मौन मला आठवलं. धाकटा फोनवरून बघत होता. शिवाय कौतुकाच्या जागी बोलणी खावी लागणार होती. पुडी ती केवढी, तिच्याने काय होतंय, असंही वाटलं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. बाबांनी आवाजावरून बरोबर ओळखलं होतं की आत बियांखेरीज काहीतरी आहे. मी मात्र त्यांना ‘नाही’ असं सांगितलं.

पुढचं काम धाकट्याने केलं. पडद्यावरून म्हणाला, बाबा, कान तपासून घ्या, टीव्ही केवढ्याने लावता तुम्ही. टीव्ही खरंच मोठ्याने लागत होता. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण माझ्या खोट्याला अशी आयती कुबडी मिळाली. मी लगेच मान डोलावली. त्या दिवशी डब्या मीच उघडल्या. पाठमोरी वळायचे, पुडी मुठीत लपवायचे आणि बी बाबांच्या तळहातावर ओतायचे. त्यांनी पहिल्या डबीचं बी बघितलं आणि हळूच म्हणाले, मुळा. मग बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले. पाच डब्यांनंतर म्हणाले, आज राहू दे. त्या पाच पुड्या मी कचऱ्यात खाली दाबून टाकल्या आणि वर भाजीची सालं टाकली. चोराच्या मनात चांदणं असतं ते हेच.

कानांची तपासणी झाली. तिथल्या बाईंनी आलेख दाखवला आणि सांगितलं, वयाप्रमाणे थोडं कमी झालंय, यंत्र लावलं तर बरं, नाही लावलं तरी अडणार नाही. बाबांना लावायचं नव्हतं. मी लावायला लावलं. तेही फोनला जोडायचं होतं. ते कानात घातल्यावर बाबांना फ्रिजची घरघर ऐकू आली, वर्तमानपत्राची सळसळ ऐकू आली, स्वतःचं चावणं ऐकू आलं. म्हणाले, जग एवढं कुरकुरतं हे मला माहीत नव्हतं. मी हसले. त्याच संध्याकाळी ते बिस्किटांचा डबा घेऊन बसलेले मला स्वयंपाकघरातून दिसले. एकेक डबी उचलून हलवत होते. सातव्या-आठव्या डबीनंतर त्यांनी यंत्र काढून हातात धरलं, पुन्हा हलवून पाहिलं, पुन्हा यंत्र घातलं. मी पोळपाट-लाटणं धूत होते, ते धूतच राहिले. तेव्हा जाऊन सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर सगळं एका आठवड्याचं झालं असतं.

मग ते आत आले आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, कानाचं नाही हे. आता तर मला भिंतीपलीकडचा नळ ऐकू येतो. हे डोक्याचं आहे. ऐकू येतं, पण ओळखायचं जे असतं ना आत, ते गेलं. त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. एखाद्या मशीनबद्दल सांगावं तसं सांगत होते. मी म्हटलं, असं काही नसतं बाबा, वय झालं की थोडं होतंच. यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं मी जोडलं, आणि त्यांनी नेमकं दुसरंच धरलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी डबा माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, नावं लिहून टाक. आमच्या दुकानात चिठ्ठ्या छापायचं लहानसं यंत्र आहे. ते मी रविवारी घरी आणलं आणि दुपारभर बसून एकेक डबी उघडली, बी बघितलं, नाव छापलं, चिकटवलं. त्या पाच रिकाम्या सोडल्या तर प्रत्येक डबीत पुडी दिसत होती. काढली नाही. आता नावं होती, आवाजाचं काय काम, असा मी विचार केला. खरं सांगायचं तर थोडं समाधानही वाटत होतं, घरात शेवटी एक शिस्त आली म्हणून. बाबा दारातून एकदा डोकावले, ओळीने लावलेल्या पांढऱ्या पाट्या बघितल्या आणि आत गेले.

त्यानंतर त्यांनी बी पेरलं नाही. नावं वाचून पेरायला तू आहेसच की, असं म्हणाले, आणि मला वेळ कुठे होता. पट्ट्यात गवत माजलं. ती चेहऱ्याची कुंडी तेवढी कोपऱ्यात रडका चेहरा करून उभी होती. अख्ख्या बागेतून तक्रार करणारी ती एकटीच. पंधरा दिवसांनी चार्जिंग संपलं आणि तीही गप्प झाली.

बाग गेली एवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज इतकी तळमळले नसते. दुकान बंद झालं तरी गल्लीतल्या बायका बाबांकडे मशीन दाखवायला येत असत आणि त्यांना ते आवडायचं. मागच्या गल्लीत पडदे शिवणाऱ्या एक बाई आहेत, आम्ही त्यांना पडदेवालीच म्हणतो. त्यांचं जुनं लोखंडी मशीन टाके सोडू लागलं म्हणून ते हातगाडीवर घालून त्या दारात आल्या. बाबांनी सवयीने चाक फिरवलं, कान टेकवला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, मला आता सांगता येणार नाही, दुसरीकडे दाखवा. पडदेवालीला वाटलं, म्हातारबाबांनी हात टेकले म्हणजे मशीनमध्ये काही राहिलं नसणार. दुसरीकडे दाखवायच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. मशीन भंगारात दिलं आणि विजेवर चालणारं नवं घेतलं, दोनशे प्रकारचे टाके घालणारं. पडद्याला एकच टाका लागतो, सरळ. नवं मशीन आमच्याच दुकानातून गेलं. मीच त्यांना माहितीपत्रक समजावून दिलं होतं.

त्यानंतर बाबांकडे कुणी मशीन आणलं नाही. ते खिडकीशी बसून राहायचे. कुणी काही विचारलं की आधी माझ्याकडे बघायचे. जेवणात मीठ कमी आहे का, हेसुद्धा मला विचारायचे. जो माणूस नुसत्या कानाने सुईचा बाक सांगायचा, तो मला मीठ विचारू लागला. आणि मी सांगायचे.

असं वर्ष गेलं. मग गेल्या महिन्यात खिडकीवर एक तरुण मुलगी आली, नाच शिकवणारी. तिने मोठा स्पीकर आणला होता आणि ती भयंकर चिडलेली होती. आवाज घुसमटतो, म्हणाली. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने तिला सांगितलं होतं की आवाज असाच असतो, तुम्हाला सवय होईल. मी स्पीकर उचलून मागे वळवला. त्याच्या पाठीला हवेसाठी गोल भोक असतं. त्यात बोट घातलं तर आत काहीतरी सरकलं. चिमट्याने ओढून काढलं. पांढरी पुडी. ‘खाऊ नका’, नऊ भाषांत.

मुलगी म्हणाली, “बघा. मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे आत काहीतरी आहे म्हणून. मला वेड्यात काढलं सगळ्यांनी.”

मी तिला म्हटलं, तुम्ही बरोबर होता. आणि हे वाक्य माझ्याच तोंडून ऐकल्यावर ती पुडी मी पुन्हा उचलून बघितली. मी स्पीकर लावून दाखवला, आवाज मोकळा झाला, तिने आभार मानले, मी स्टिकर फाडून खोक्यावर लावलं. त्यानंतर मला खिडकीवर बसवेना. डोकं दुखतंय असं सांगून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी आले.

बाबा आतल्या खोलीत आडवे झाले होते. मी बिस्किटांचा डबा घेऊन मागच्या पायरीवर बसले. ज्या डबीवर ‘वाटाणा’ लिहिलं होतं ती हलवली. दबका, एकसुरी आवाज आला, आत चिंधी कोंबल्यासारखा. झाकण काढून पुडी काढली आणि पुन्हा हलवली. वाटाणे खणखणले. मिरचीची पुडी काढली, ती बारीक कुजबुजली. भेंडी, भोपळा, झेंडू. मला, जिला फोनची रिंग दुसऱ्याची की आपली हे कळत नाही, तिलाही प्रत्येक डबी वेगळी ऐकू येत होती. सगळ्या डब्या उघडल्या. सत्तावन्न पुड्या पायरीवर जमा झाल्या. मग नखाने एकेक चिठ्ठी खरवडून काढली. हे करताना मी रडत होते, आणि रडण्याचा मला रागही येत होता, कारण ते वर्षभर उशिरा आलं होतं.

बाबा दारात येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुड्यांच्या ढिगाकडे बघितलं, आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. मी मुळ्याची एक डबी त्यांच्या हातात दिली. नको म्हणाले. मी म्हटलं, एकदाच. त्यांनी कानातलं यंत्र न काढता डबी हलवली, थांबले, पुन्हा एकदा हलवली.

“मुळा,” म्हणाले.

दुसरी दिली. भेंडी म्हणाले. तिसरी बराच वेळ कानाशी धरून म्हणाले, वांगं. चौथी त्यांनी घेतली नाही.

मी म्हटलं, “बाबा, तुम्ही विचारलं होतंत, यात काही घातलंयस का.”

“हो.”

“घातलं होतं.”

त्यांनी एक पुडी उचलली, बोटांत धरून चाचपली, त्यावरचं लिहिलेलं डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. मी सगळं सांगितलं. ओल, भोपळा, रविवार, केस कापायला गेलेले ते, मुठीत लपवलेल्या पाच पुड्या. काही सोडलं नाही. ओरडले असते तर मी ते अंगावर घेतलं असतं. ते मान खाली घालून ऐकत होते, मशीन ऐकावं तसं.

मग म्हणाले, “तू नाही म्हणालीस.”

“हो.”

“कान सांगत होता, आहे. मी तुझं ऐकलं.”

मग त्यांनी विचारलं, पडदेवालीचं मशीन गेलं का भंगारात? मी म्हटलं, गेलं, कधीच गेलं. ते म्हणाले, शटल घासत होतं, एक स्क्रू आवळायचा आणि दोन थेंब तेल, आणखी वीस वर्षं चाललं असतं. मला ऐकू आलं होतं तेव्हा.

“मग सांगितलं का नाही?” मी विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

“कसं सांगणार?” ते म्हणाले. “मला मुळा ओळखता येत नव्हता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सदरा घालून पडदेवालीकडे गेले. परत आल्यावर एवढंच सांगितलं की बाईंनी चहा दिला, जुन्या मशीनचं लोखंडी स्टँड ठेवलंय, त्यावर कापडाचे गठ्ठे रचतात. नवं मशीन जरा अडखळतं आहे, पण त्याला हात लावता येत नाही. उघडलं तर वॉरंटी जाते, असं त्यावर लिहिलंय. कानातलं यंत्र त्यांनी पुसून, माहितीपत्रकासकट, त्याच्या मूळ खोक्यात ठेवलं आणि मला विचारलं, तुमच्या खिडकीवर हे घेतात का? मी म्हटलं, आमच्याकडचं नाही. मग राहू दे, म्हणाले, आणि टीव्ही पुन्हा मोठ्याने लावला.

मी दुकानातून एक स्टिकर घरी आणलं होतं. ‘दोष आढळला नाही.’ त्यांना दाखवून हसवावं असा विचार होता. ते अजून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. बाहेर काढायचा धीर झाला नाही, आणि आता त्याचा चिकटपणाही गेला असेल.

धाकट्यालाही मी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे ना ताई, शेवटी झालं ना ठीक. तो लांब आहे, त्याला ठीक वाटणं सोपं आहे.

गवत आम्ही दोघांनी मिळून उपटलं. माती भुसभुशीत केली, कुंड्या पुसल्या. त्या चेहऱ्याच्या कुंडीचा पडदा बाबांनी भिंतीकडे वळवून ठेवला. गेल्या रविवारी पेरणी झाली. बाबा पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसले, पूर्वीसारखेच. डबी कानाशी नेली, दोनदा हलवली आणि म्हणाले, मुळा. मुळाच होता. पुढची मिरची म्हणाले, मिरचीच होती. दुपारपर्यंत एकोणीस डब्या झाल्या आणि एकही चुकली नाही, वांगंसुद्धा.

फक्त पूर्वी ते झाकण काढून न बघता मातीत ओतायचे. आता नाव सांगून झाल्यावर झाकण काढतात, डबी उजेडाकडे तिरपी धरतात, करंगळी आत घालून तळापर्यंत फिरवतात आणि मगच बी पेरतात. एकोणीसच्या एकोणीस डब्यांना त्यांनी तसंच केलं. ते स्वतःची खात्री करून घेतात की माझी, हे मी विचारलेलं नाही.